सगळं कळतं ते फक्त वाचणाऱ्याला: सेलेस्ट इंग यांची 'एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू'

सस्पेन्स कादंबरी म्हटलं की शेवटच्या वीस पानांत खुनी कोण ते कळणार आणि मग पुस्तक मिटून कपाटात जाणार, हे ठरलेलं असतं. या कादंबरीत पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय की लिडिया मेलीये, आणि लगेच पुढे की घरच्यांना अजून ते माहीत नाही. बस. आता पुढची तीनशेच्या आसपास पानं तुम्ही काय करणार? मी तर सोडूच शकले नाही, रात्री जागून वाचली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोक्यात तेच.

सेलेस्ट इंग या अमेरिकन लेखिकेची ही पहिली कादंबरी, २०१४ ची. आईवडील हाँगकाँगहून अमेरिकेत आलेले, ती स्वतः ओहायोत वाढलेली आणि कादंबरीही ओहायोतच घडते, मिडलवूड नावाच्या काल्पनिक कॉलेजगावात. साल १९७७. आडनाव ली. वडील जेम्स चिनी वंशाचे, कॉलेजात अमेरिकन इतिहास शिकवतात, त्यातही काऊबॉय हा त्यांचा खास विषय. आई मॅरिलिन गोरी, व्हर्जिनियाची. तीन मुलं, मोठा नेथ, मधली लिडिया, धाकटी हॅना. गावात असं दुसरं घर नाही, जिथे जातील तिथे लोक वळून बघणार.

शेवट मी फोडणार नाहीये, पण पहिल्या अर्ध्यातल्या काही गोष्टी येतील, त्यामुळे अजिबात काहीच कळायला नको असेल तर इथेच थांबा आणि आधी पुस्तक वाचून या.

सुरुवात बघा. ३ मे, सकाळचे साडेसहा. लिडिया नाश्त्याला खाली आली नाहीये, एवढंच. तिच्या वाटीशेजारी आईने टोक केलेली पेन्सिल ठेवलीये, आणि फिजिक्सचा होमवर्क, सहा गणितांसमोर छोट्या छोट्या खुणा केलेल्या. म्हणजे आईने रात्री बसून पोरीचा होमवर्क तपासलाय, चुकलंय तिथे खूण केलीये, आणि शाळेत जायच्या आधी ती पोरीने सुधारावी म्हणून वाटीशेजारी ठेवलंय. आईला वाटतंय आपण किती लक्ष देतो. आणि आपल्याला, वाचणाऱ्यांना, आधीच माहितीये की ती पोर आता कधीच खाली येणार नाहीये. मला त्या पेन्सिलीने जे केलं ते पुढच्या पोलीस तपासाने नाही केलं. हे पान मी नंतर परत परत उघडून वाचलं.

आणि इथेच या कादंबरीची खरी करामत आहे. नेहमीच्या सस्पेन्समध्ये लेखक वाचकापासून लपवतो, एखादा धागा मुद्दाम दडवून ठेवतो, चुकीच्या माणसावर संशय टाकतो. इथे लेखिका आपल्यापासून फारसं काही लपवतच नाही. ती सगळ्यांच्या मनात शिरते, एका परिच्छेदात बापाच्या, पुढच्यात मुलाच्या, आणि प्रत्येकाने काय दडवलंय ते आपल्याला सांगत जाते. लपवाछपवी आहे ती एकाच टेबलाला बसून जेवणाऱ्या पाच माणसांची आपापसात. म्हणजे आपण हळूहळू त्या घरातलं सगळं जाणणारे एकमेव होऊन बसतो. आईला माहीत नाही पण आपल्याला माहितीये, भावाला माहीत नाही पण आपल्याला माहितीये, आणि सांगायची काही सोय नाही. पान उलटताना जी धडधड होते ती 'कोणी मारलं' याची नसते, 'हे आता तरी एकमेकांना बोलतील का' याची असते. इतक्या रहस्यकथा वाचल्या पण असला जीव टांगणीला लागणं वेगळंच.

तपासाचा भाग तसा आहे. तळ्यात मध्येच एक होडी सापडते, मग तळ्याचा तळ धुंडाळतात, पोलीस घरी येऊन प्रश्न विचारतात, मैत्रिणी कोण, कोणाशी बोलायची. वडील सांगतात खूप मैत्रिणी आहेत तिला, रोज फोनवर तास तास बोलते. मग त्या मैत्रिणींना फोन केला जातो तर एकीला आठवत पण नाही शेवटचं कधी बोललो. पुढे आपल्याला कळतं की लिडिया फोन कानाला लावून बोलत बसायची, पलीकडे कोणी नसायचंच, नुसता डायल टोन. कशासाठी? तर बाबांना बरं वाटावं म्हणून. कारण बाबांना आयुष्यभर एकच हवं होतं, चारचौघांत मिसळून जाणं.

बाबांचं हे वेड कुठून आलं ते समजून घ्यायला थोडा इतिहास माहीत असला तर कादंबरी दुप्पट लागते. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा केला होता, तो रद्द झाला थेट १९४३ मध्ये. मधल्या काळात जे आले त्यातले कितीतरी जण 'कागदी मुलगे' म्हणून आले, म्हणजे आधीच तिथला नागरिक असलेल्या एखाद्या माणसाचा मी मुलगा आहे अशी कागदपत्रं दाखवून. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत जी आग लागली त्यात जन्माच्या नोंदी जळून गेल्या होत्या, त्यामुळे तिथल्या चिनी माणसांना आपण इथेच जन्मलो, इथलेच नागरिक आहोत असं सांगता आलं आणि हे शक्य झालं. जेम्सचे वडील असेच खोट्या नावाने आलेले. म्हणजे या घरातलं पहिलं गुपित लिडियाचं नाहीच, ते आजोबांपासून आडनावात बसलेलं आहे. पुढे आईवडील ज्या खाजगी शाळेत स्वयंपाकघरात आणि देखभालीच्या कामावर होते त्याच शाळेत जेम्स परीक्षा देऊन शिकला, वर्गात त्याच्यासारखा दिसणारा तो एकटाच, आणि मधल्या सुट्टीत आई समोर जेवण वाढायला उभी. हार्वर्डला शिकला, तिथेच नोकरी मिळेल असं वाटत होतं, नाही मिळाली. कारण कोणी तोंडावर सांगत नाही. हे सगळं त्याने पोरांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर नेथला निदान कळलं असतं की आपला बाप आपल्याकडे असा का बघतो.

पोहण्याच्या तलावाचा एक प्रसंग आहे, तो सांगतेच. नेथ लहान आहे, बाबा त्याला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलेत, मनात एवढंच की पोराला चार दोस्त मिळावेत. पाण्यात मुलं आंधळी कोशिंबीर खेळतायत, राज्य नेथवर. तो डोळे मिटून हाका मारत चाचपडतोय आणि बाकीची पोरं गुपचूप पाण्याबाहेर निघून काठावर उभी राहतात, तो एकटाच पाण्यात हात पसरून फिरतोय. मग काठावरनं कोणीतरी चिनी असण्यावरनं एक घाणेरडी कॉमेंट मारतं आणि सगळे हसतात. बाबा हे सगळं बघतोय. त्याच्या स्वतःच्या लहानपणी हेच झालंय, अगदी हेच, आणि पोराला जवळ घेऊन 'मला माहितीये रे' एवढं म्हणायचंय त्याला. नाही म्हणत. त्याला नेथमध्ये स्वतःच दिसतो आणि ते त्याला सहन होत नाही. इथे मला त्याचा राग पण आला आणि रडू पण आलं, एकाच वेळी. नंतर बापलेकात जो अबोला वाढत जातो त्याची मुळं या एका दुपारी आहेत.

मॅरिलिनचं उलट. तिला कोणात मिसळायचं नव्हतंच, तिला वेगळं व्हायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. १९५० च्या दशकात मुली डॉक्टर व्हायचं म्हणाल्या की लोक नर्स व्हायचंय का विचारायचे तो काळ. ती रॅडक्लिफला, म्हणजे हार्वर्डच्या जोडीच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होती, जेम्सच्या वर्गात आली, प्रेम जमलं, दिवस गेले, शिक्षण सुटलं. १९५८ साली लग्न. हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या खऱ्याखुऱ्या जोडप्याने लग्न केलं होतं, तो गोरा ती काळी, आणि व्हर्जिनियात असं लग्न गुन्हा असल्यामुळे त्यांना अटक झाली. त्यांची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १२ जून १९६७ ला अशा लग्नांवरची बंदी उठली. तोपर्यंत मॅरिलिनच्या माहेरच्या राज्यात तिचं लग्न बेकायदेशीर होतं! तिची आई लग्नाला येते, हे बरोबर नाही एवढंच घोकत राहते, तुमच्या पोरांचं काय होणार म्हणते, आणि त्यानंतर मायलेकी पुन्हा कधी भेटत नाहीत.

आई गेल्यावर घर आवरायला म्हणून मॅरिलिन माहेरी जाते. आई शाळेत गृहशास्त्र शिकवायची. रिकाम्या घरात तिला हवं असं काहीच सापडत नाही, सापडतं ते आईचं बेटी क्रॉकरचं पाककृतींचं पुस्तक. बेटी क्रॉकर हे अमेरिकेतल्या एका पिठाच्या कंपनीने तयार केलेलं काल्पनिक सुगरणीचं नाव, आपल्याकडे लेकीला लग्नात पाककृतींचं पुस्तक द्यायचे तसं तिकडे हे घरोघरी. त्यात आईने काही ओळी अधोरेखित केल्यात, नवऱ्याला खूश ठेवण्याबद्दलच्या, अंडी कशी करावीत त्याबद्दलच्या. आपल्या आईचं अख्खं आयुष्य एवढंच होतं आणि आपलंही तेच चाललंय, असं त्या ओळी वाचून मॅरिलिनला वाटतं आणि ती एक असा निर्णय घेते की वाचताना तोंडावर हात गेला माझा. १९६६ चा तो उन्हाळा म्हणजे या घराचं दुसरं मोठं गुपित. तेव्हा घरात काय झालं हे मुलांना कधीच नीट सांगितलं गेलं नाही, नंतर त्याबद्दल बोलायचंच नाही असं न बोलता ठरलं. मुलं आपापल्या परीने अर्थ लावतात. पाच सहा वर्षांची लिडिया मनाशी एक नवस बोलल्यासारखं ठरवते की यापुढे आई जे म्हणेल ते करायचं, सगळं, नेहमी. आणि ती ते करते. अकरा वर्षं करते. ते पाककृतींचं पुस्तकही नंतर एकदा परत येतं, ते कुठून आणि कसं ते सांगत नाही, पण त्या पानांवर मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

मुलांवर दडपण टाकणारे आईबाप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओरडणारे, मारणारे, मार्कशीट घेऊन बसणारे येतात. मॅरिलिन तशी अजिबात नाही. ती मायेने करते, लाडाने करते, वाढदिवसाला विज्ञानाची पुस्तकं देते, पोरगी हो म्हणते की ती खूश होते, ती खूश झाली की पोरगी अजून हो म्हणते. कोणी जबरदस्ती केलीच नाही! आमच्या ओळखीत दहावीचा निकाल लागायच्या आत अकरावीच्या क्लासची फी भरलेली घरं कितीतरी आहेत आणि त्या मुलांना विचारलं तर तीही म्हणतील की आम्हालाच पाहिजे होतं. लिडियापण हेच म्हणाली असती. मुलगी यंदा नववीत आहे माझी, त्यामुळे हे सगळं मी जरा जास्तच मनावर घेऊन वाचलं असेल, असेना.

जेवणाच्या टेबलाचा एक सीन तर लेखनाचा धडा म्हणून वाचावा. नेथला हार्वर्डला ॲडमिशन मिळालीये. आयुष्यात पहिल्यांदा घरात त्याचं कौतुक व्हायची वेळ आली आहे, कारण आईचं सगळं लक्ष लिडियावर, बाबांचंही लिडियावर, हा बिचारा एकटा आकाशातल्या ताऱ्यांत रमलेला. तो बातमी सांगतो. आणि लिडियाच्या पोटात गोळा येतो, कारण या घरात तिला समजून घेणारा तो एकच आणि आता तो जाणार. ती मधेच बोलते की मी फिजिक्समध्ये नापास होतेय. झालं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे. नेथची बातमी तिथेच संपली. लिडियाने हे दुष्टपणाने केलं का? नाही. नेथचा राग चुकीचा आहे का? तोही नाही. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही एकमेकांना जखम करतायत आणि आईबाप फिजिक्सबद्दल बोलतायत.

दुःखाचं चित्रण मला फार खरं वाटलं. आपल्याकडे घरात कोणी गेलं की निदान माणसं गोळा होतात, तेरा दिवस घर भरलेलं असतं, नको नको झालं तरी कोणीतरी चहा करतं, कोणीतरी रडायला लावतं. ली कुटुंबाला कोणीच नाही. त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात. आई लिडियाच्या खोलीत दार लावून, बाहेरच्याच कोणीतरी केलं असणार, शोधा, असं धरून बसलेली. बाप घरातून पळ काढतो आणि त्याच्या तरुण असिस्टंटकडे, लुइझाकडे जातो, आणि तेही कधी, तर अंत्यविधीच्या दिवशी. नेथला खात्री की शेजारच्या जॅकचाच यात हात आहे. आई लिडियाच्या डायऱ्या काढते, दरवर्षी हौसेने आणून दिलेल्या, कुलूपवाल्या. कुलूप तोडते. त्यात काय निघतं हे मी लिहिणार होते पण नाही लिहीत, ते तिथेच वाचा.

आता जे पटलं नाही ते. लुइझा हे पात्र मला पोकळ वाटलं. ती चिनी आहे, तिच्याकडे जेम्सला त्याच्या लहानपणी घरी असायचे तसे बाओ, म्हणजे आत डुकराचं मांस भरलेले चिनी पाव, खायला मिळतात, कितीतरी वर्षांनी, आणि त्या घासात त्याचं जे काय होतं ते लेखिकेने सुरेख लिहिलंय, पण लुइझाला स्वतःला काय वाटतं? ती का यात पडली? काहीच नाही. सगळ्यांच्या मनात शिरणारी लेखिका हिच्या मनात का शिरत नाही? दुसरं म्हणजे आईबापांच्या जखमा आणि मुलांच्या जखमा एकमेकांत जरा जास्तच फिट बसतात. बापाला मिसळायचं होतं, आईला वेगळं व्हायचं होतं, आणि दोन्ही ओझी नेमकी एकाच मुलीवर. खरी घरं याहून जास्त गबाळी असतात. आणि गावातले गोरे लोक जवळजवळ सगळे एकाच साच्यातले, कोणीतरी एक चांगला शेजारी पण नाही का? शेवटच्या काही पानांत सावरासावर पण थोडी घाईत झालीये असं वाटलं, एवढी वर्षं न बोललेली माणसं इतक्या लवकर वळणावर येतील हे पचायला मला वेळ लागला. लिडियाच्या शेवटच्या रात्रीचं प्रकरण मात्र निर्दोष आहे, तिथे एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही.

जॅकबद्दल एवढंच सांगते की पहिल्या पन्नास पानांत त्याच्याबद्दल जे मत होईल ते धरून बसू नका.

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, डिक्शनरी घेऊन बसायची गरज नाही, इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसणाऱ्यांनाही जमेल. काळ मात्र सारखा मागेपुढे होतो, १९५७, १९६६, १९७७, त्यामुळे रोज चार पानं अशी वाचू नका, धागा सुटेल, एखादा मोकळा शनिवार रविवार काढा. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, विशेषतः मूल किंवा भावंड, तर आत्ता नको, थांबा. पाठलाग, कोर्ट, डिटेक्टिव्ह असं हवं असेल त्यांनीही या वाटेला जाऊ नका, चिडाल उगाच. बाकी सगळ्यांनी वाचा, आणि घरात पंधरासोळा वर्षांचं मूल असेल तर वाचून झाल्यावर पुस्तक त्यांच्या हाताला लागेल असं ठेवा, समजावून सांगायला जाऊ नका, त्यांना वाचू दे.

आणि हो, धाकट्या हॅनावर लक्ष ठेवा. ती बहुतेक वेळ टेबलाखाली, जिन्यावर, दाराआड असते, कोणी तिच्याशी बोलत नाही, लेखिकाही तिला दोन चार ओळींच्या वर जागा देत नाही असं वाटतं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगात ती तिथेच कुठेतरी होती आणि जे बाकी कोणाला दिसलं नाही ते तिने पाहिलेलं होतं, अगदी जॅकचंसुद्धा.